पावसाळ्यात न अडणारं दार

जुलै लागला की गावोगावच्या सुतारांना ठरलेला निरोप येतो: दार लागत नाहीये, रंधा घेऊन या. चांगले पैसे मोजून बसवलेलं सागाचं दार चौकटीत रुतून बसतं, उघडायला खांदा लावावा लागतो. सुतार येतो, कड तासतो, दार फिरायला लागतं. मग मार्च-एप्रिलमध्ये त्याच कडेला बोटभर फट दिसते आणि सुताराला बोल लागतात.

त्याच गल्लीतल्या जुन्या वाड्याचं दार मात्र शंभर-सव्वाशे पावसाळे झेलूनही भर श्रावणात एका हातानं लोटता येतं. असं का?

‘पूर्वीचं लाकूडच वेगळं होतं’ हे उत्तर आपण सगळे देतो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं उत्तर दार जोडण्याच्या रीतीत सापडतं, आणि ते समजून घेण्याची आज खरी गरज आहे. पुण्यात, नाशकात, वाईत, कोकणातल्या गावागावांत जुनी घरं उतरवली जात आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वर्ष पुरं व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते कोकणाला घासून गेलं. आंबा, फणस, साग, नारळ, सुपारी, पिढ्यांनी वाढवलेल्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी हाती येणाऱ्या तुळया आणि ओंडके बहुतेकदा जळणाच्या भावात जातात. त्यांतून उत्तम दारं होऊ शकतात, फक्त लाकूड कसं वागतं हे आधी कळलं पाहिजे.

लाकडातलं पाणी

लाकूड म्हणजे खोडाच्या उभ्या दिशेनं मांडलेल्या, आतून पोकळ अशा असंख्य सूक्ष्म नळ्या. झाड जिवंत असताना पाणी दोन ठिकाणी असतं: नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतींत. झाड कापल्यावर आधी पोकळीतलं पाणी उडून जातं. या काळात ओंडका हलका होतो, पण त्याचा आकार बदलत नाही. पोकळ्या रिकाम्या झाल्या तरी भिंतींत अजून पाणी असतं, कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के. इथून पुढे जाणारं पाणी भिंतींतूनच जातं. भिंती बारीक होतात आणि लाकूड आकसायला लागतं.

हे वाळणं कधी संपतं? खरं तर कधीच नाही. लाकूड आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेतं आणि तिथे थांबतं. हवेत ५० टक्के आर्द्रता असली तर लाकडात सुमारे ९ टक्के पाणी राहतं. हवा ८० टक्क्यांवर गेली की लाकूड १६ टक्क्यांकडे सरकतं. हवा पुन्हा कोरडी झाली की ते पुन्हा उतरतं. पुण्यातला एप्रिल आणि पुण्यातला ऑगस्ट यांच्यात एवढं अंतर सहज पडतं. जाड लाकूड सावकाश बदलतं, पातळ लाकूड लवकर, पण बदलतं दोन्ही.

आता फुगण्याची दिशा. नारळाच्या हिरांचा खराटा रात्रभर पाण्यात ठेवला तर प्रत्येक हीर किंचित जाड होते, जुडी बांधलेल्या दोरीत आवळून बसते. खराट्याची लांबी मात्र होती तेवढीच राहते. लाकडाचं तसंच आहे. रेषांच्या दिशेनं, म्हणजे फळीच्या लांबीत, ते जवळजवळ हलतच नाही. हिरव्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत लांबीतली घट हजारात एक-दोन भाग एवढीच असते. रुंदीत मात्र ते मोकळेपणानं फुगतं आणि आकसतं.

त्या रुंदीतही दोन प्रकार आहेत. खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं साग एकूण अडीच टक्क्यांच्या आसपास आकसतो. वाढीच्या वलयांना धरून, म्हणजे परिघाच्या दिशेनं, तो त्याच्या दुपटीहून जास्त, साडेपाच टक्क्यांच्या आसपास आकसतो. सागाचा हा आकडा इतर लाकडांच्या मानानं कमीच आहे. दारासाठी साग नावाजला गेला, त्यामागे हे मोठं कारण आहे.

या विषमतेचा पुरावा कोणत्याही जुन्या ओसरीवर उभा असतो. लाकडी खांबाला वरून खाली गेलेली एक लांब भेग असते, बरोबर मध्यापर्यंत पोहोचलेली. खांब वाळताना परिघ जितका आकसायला बघतो, तितकी त्रिज्या आकसत नाही. फूटभर व्यासाच्या सागाच्या खांबात हिशोबानं परिघाला दीड सेंटिमीटरहून जास्त जागा कमी पडते. ती कमतरता भेगेच्या रूपानं बाहेर येते. अशी भेग बघून खांब कमजोर झाला असं समजायचं कारण नाही. उलट ती भेग पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

हिशोब मांडून पाहू

तीन फुटी दार धरा, म्हणजे साधारण ९०० मिलिमीटर. ते सागाच्या रुंद, परिघाच्या दिशेनं कापलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून केलं आहे. उन्हाळ्यात लाकडात ९ टक्के पाणी होतं, पावसाळ्यात ते १७ वर गेलं. साग दर टक्क्याला परिघाच्या दिशेनं हजारात सुमारे दोन भाग फुगतो. आठ टक्क्यांत दार १३ ते १४ मिलिमीटर रुंद होईल, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. सुतारानं चौकटीत प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवली असेल. मग दार अडणार नाही तर काय होणार?

याच लाकडाच्या फळ्या गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं कापल्या असत्या तर फुगवटा निम्म्यावर आला असता. म्हणून ओंडका कसा चिरायचा हा दार बनवण्यातला पहिला निर्णय असतो, आणि माझ्या मते सर्वांत मोठाही. फळीचं टोक बघा. वलयांच्या रेषा फळीच्या जाडीत उभ्या दिसल्या तर ती शांत फळी. रेषा आडव्या, कमानीसारख्या दिसल्या तर ती जास्त हलणारी. शिवाय ती वाळताना वाकते, सालीकडचा पृष्ठभाग आत दबतो. वखारीत फळीच्या गुळगुळीत तोंडापेक्षा तिचं टोक बघणारा सुतार दिसला की समजावं, माणूस जाणता आहे.

जुनं लाकूड हलत नाही, हा गैरसमज

‘जुनं लाकूड मेलेलं असतं, ते आता फुगत नाही’ असं बरेच जण सांगतात. वाड्याची तुळई शंभर वर्षं छताखाली राहिलेली असते, तिच्यात कापल्या वेळचं पाणी नसतं, हे खरं. नव्या ओल्या लाकडात होणारं पहिलं मोठं आकसणं तिच्यात आधीच होऊन गेलेलं असतं. पण हवेच्या ओलीनुसार फुगण्याची तिची ताकद संपलेली नसते. काळानुसार ती थोडी कमी होते, एवढंच. जुन्या लाकडाचं दारही अर्ध्या इंचाचा हिशोब चुकवू शकत नाही.

मग जुन्या लाकडाचा खरा फायदा कशात आहे? गाभ्यात. झाडाच्या खोडात बाहेरचा फिकट भाग पाणी वाहून नेतो आणि पिष्टमय अन्न साठवतो. त्याला रसकाष्ठ म्हणतात. आतला गडद भाग म्हणजे गाभा. तिथे झाडानं वर्षानुवर्षं तेलकट आणि कडवट द्रव्यं भरून ठेवलेली असतात. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला नकोसं होतं. त्याबरोबर रबरासारखा एक पदार्थही असतो, तो पाण्याला लवकर आत येऊ देत नाही. रसकाष्ठात यांतलं फारसं काही नसतं, उलट किड्यांना हवं ते अन्न असतं. जुन्या वाड्यांसाठी पुरती वाढलेली मोठी झाडं वापरली गेली, त्यांत गाभ्याचा वाटा भरपूर होता. आज लागवडीतला वीस-पंचवीस वर्षांचा साग कापला जातो. त्यात गाभा कमी आणि पांढरा भाग जास्त येतो. दोन्हींना वखारीत सागच म्हणतात, पण वाळवी त्यांच्यातला फरक बरोबर ओळखते.

तुळई दारात येईपर्यंत

वाडा उतरवताना निघणाऱ्या लाकडात खांब, तुळया, कडीपाटाच्या कड्या आणि पाट असतात. दाराच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांसाठी कड्या फार सोयीच्या: जाडी बेताची, लांबी भरपूर. तुळया आणि खांब चिरून पॅनेलच्या फळ्या मिळतात. पाट पातळ असतात आणि खिळ्यांनी चाळण झालेले असतात, त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये.

पहिलं काम खिळे. जुना लोखंडी खिळा गंजून लाकडात रुतलेला असतो, कधी त्याचं डोकं तुटून आतच राहिलेलं असतं आणि वरून काहीच दिसत नाही. मिलच्या फिरत्या पात्यानं असा खिळा गाठला तर पातं तर जातंच, पण तुटलेला तुकडा माणसाच्या अंगावर येऊ शकतो. म्हणूनच अनेक मिलवाले जुनं लाकूड चिरायला नकार देतात. त्यांना दोष देता येत नाही. हातात धरायचं धातुशोधक यंत्र घेऊन तुळई इंच न् इंच तपासावी, जिथे आवाज येईल तिथे खडूनं खूण करावी. खिळा उपटण्याआधी त्याच्या डोक्यावर एक हलका घाव द्यावा. गंजाची पकड सुटते आणि मग तो सरळ निघतो. लोखंडाभोवती लाकूड काळं पडलेलं असतं. लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी क्रिया होऊन ते डाग पडतात. साग, ऐन, बाभूळ या सगळ्यांत ते दिसतात. ते कुजणं नाही. काहींना ते घालवायचे असतात. मी म्हणेन, राहू द्यावेत.

दुसरं काम रंग. जुन्या खांबांवर, दारांवर तैलरंगाचे थर असतात आणि जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही कडक मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. रंग ओला करून खरवडावा, तोंडावर नीट बसणारा मास्क असावा, खरवड गोळा करून बाजूला ठेवावी आणि मुलांना त्या जागी फिरकू देऊ नये. या एका बाबतीत काटकसर नको.

तिसरं काम किडे. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्याखाली मैद्यासारखी पूड दिसली तर भुंगेऱ्याच्या अळ्या आत आहेत. भोकं जुनी, काळपट आणि पूड अजिबात नसेल तर तो प्रकार बहुधा कधीच संपलेला असतो. हे किडे बहुतेक रसकाष्ठ खातात. म्हणून फिकट कडा निर्दयपणे तासून काढणं हा पहिला उपाय. त्यानंतर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाण्यातलं द्रावण लाकडाला पाजतात. ते आतपर्यंत मुरतं आणि किड्यांना मारतं. मात्र ते पाण्यात विरघळणारं असल्यामुळे पावसाचा मारा थेट लागणाऱ्या दारात टिकत नाही.

आता चिरणं. खांबाच्या त्या लांब भेगेकडे परत येऊ. भेग गाभ्याच्या मध्यापर्यंत गेलेली असते, म्हणजेच ती आपल्याला त्रिज्येची दिशा दाखवते. भेगेला धरून पहिला काप घेतला की भेग वाया जाणाऱ्या भागात जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या वलयांच्या शांत फळ्या निघतात. अगदी मधला, बोटभर जाडीचा गर काढून टाकावा; तो कुठल्याही दारात तडकतो. चिरल्यावर फळ्या ताबडतोब वापरू नयेत. इतकी वर्षं एकमेकांना ताणून धरलेले भाग सुटे झालेले असतात, त्यामुळे काही फळ्या वाकतात. त्यांना काही आठवडे सावलीत पट्ट्या घालून रचून ठेवलं की कोणती फळी सरळ राहणार आणि कोणती नाही हे आपोआप कळतं.

> जुनं लाकूड घेण्याआधी
>
> सात फूट बाय साडेतीन फूट, दीड इंच जाडीच्या दारात साधारण तीन घनफूट लाकूड प्रत्यक्ष बसतं. खिळ्यांची भोकं, भेगा, पांढऱ्या कडा, रंध्याचा भुसा धरून निदान सहा घनफूट घ्यावं. टोकावर थोडं रंधून खरा रंग बघावा. हातोडीनं ठोकून ऐकावं. बद्द आवाज आला तर आत पोकळी किंवा कूज आहे. आणि लाकूड कुठल्या घरातून उतरवलं, हे विक्रेत्याला विचारावं. प्रामाणिक विक्रेता सांगतो.

परसात पडलेला फणस

पडलेल्या झाडाची गोष्ट वेगळी. इथे लाकूड पूर्ण ओलं असतं आणि घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू होतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल लागते, आणि पडलेल्या खोडात ती भरपूर असते. आंब्याचा ओंडका पावसाळ्यात जमिनीवर पडून राहिला तर काही आठवड्यांतच निळसर-काळा पडतो आणि किड्यांनी भरतो. आंबा घरातल्या फर्निचरला चालतो, बाहेरच्या दाराला घेऊ नये. फणसाची गोष्ट निराळी. त्याचा पिवळाधमक गाभा वाळवीला चांगला तोंड देतो, उजेडात हळूहळू तांबूस-तपकिरी होतो, आणि वाळताना फारसा त्रास देत नाही. मृदंगाचं खोड आणि वीणेचा भोपळा ज्या लाकडातून कोरतात, ते हेच. दक्षिण कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांत फणसाची दारं, कपाटं, देव्हारे आजही वापरात आहेत. एवढं चांगलं लाकूड चुलीत घालताना जीव हळहळायला हवा.

झाड पडलं की आधी कागदपत्रं. झाड आपल्याच परसातलं असलं तरी लाकूड हलवण्याआधी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावं. साग, खैर यांसारख्या झाडांना वाहतुकीचा परवाना लागतो. मग त्याच दिवशी ओंडक्याच्या दोन्ही टोकांना जाड रंग किंवा मेण फासावं. नळ्यांची तोंडं टोकांशी उघडी असतात, त्यामुळे तिथून पाणी बाजूंच्या मानानं कितीतरी पट वेगानं जातं. टोक आधी आकसतं, आतला भाग तसाच राहतो, आणि फूट-फूटभर आत जाणाऱ्या चिरा पडतात. डबाभर रंगानं ही नासाडी वाचते. ओंडका दगडांवर उचलून ठेवावा, जमिनीला टेकू देऊ नये, आणि जमेल तितक्या लवकर चिरून घ्यावा.

चिरलेल्या फळ्या छपराखाली रचाव्यात: एक थर फळ्या, त्यावर सारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या, पुन्हा फळ्या. पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत हव्यात, नाहीतर फळ्या मधेच लवतात. थप्पीवर वजन ठेवावं. हवा खेळली पाहिजे, ऊन लागता कामा नये. एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात पातळ फळ्या त्याआधी वाळतात, पण मधे पावसाळा आला की काम थांबतं.

लाकूड वाळलं की नाही हे घरच्या घरीही काढता येतं. फळीच्या मधल्या भागातून एक तुकडा कापा, टोकाचा नको. लगेच वजन करा. मग १०३ अंश सेल्सिअसच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोला. आधी २३० ग्रॅम होता आणि शेवटी २०० वर थांबला, तर ३० ग्रॅम पाणी गेलं. कोरड्या वजनाच्या १५ टक्के. किती टक्क्यांवर दार करावं? लाकडाच्या ओलीसाठीचं भारतीय मानक क्रमांक २८७ हवेच्या दमटपणानुसार देशाचे चार विभाग करतं. दारांसाठी कोरड्या भागात ८ ते १० टक्के आणि सर्वांत दमट भागात १४ ते १६ टक्क्यांपर्यंतची मर्यादा त्यात आहे. म्हणजे सोलापूरच्या दाराचं लाकूड आणि मालवणच्या दाराचं लाकूड सारखं वाळवून चालणार नाही. फार कोरड्या लाकडाचं दार मालवणला नेलं तर ते फुगणार. मालवणला बेतानं वाळलेलं दार सोलापूरला नेलं तर फटी पडणार.

वाड्याच्या दाराची युक्ती

आता मूळ कोड्याकडे. जुन्या दारांच्या कारागिरांकडे आर्द्रतेचे आकडे नव्हते, पण लाकूड हलणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही, हलायला जागा दिली.

पहिली जागा: दार दोन झडपांचं. एकूण फुगवटा दोन भागांत विभागला जातो. दोन झडपा मधे जिथे भेटतात तिथे एका झडपेवर जाड उभी पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर पितळी फुलं असतात, वेलबुट्टी असते, आणि आपण तिला नक्षी समजतो. तिचं खरं काम झडपांमधली कमी-जास्त होणारी फट झाकणं हे आहे.

दुसरी जागा: फळ्या उभ्या ठेवून मागून आडवे दांडे घालायचे आणि लोखंडी खिळ्यांनी जोडायचं. फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या नसतात. प्रत्येक फळी आपापल्या जागी थोडी फुगते, थोडी आकसते, शेजारणीला ढकलत नाही. मोठा फुगवटा छोट्या छोट्या सांध्यांत जिरतो.

तिसरी जागा सर्वांत मोलाची, आणि तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. अशा अनेक दारांना बिजागऱ्या नसतात. झडपेच्या कडेला वर आणि खाली खुंट असतो. खालचा दगडातल्या खळग्यात फिरतो, वरचा चौकटीच्या मागे बसवलेल्या लाकडात. त्यामुळे झडप चौकटीच्या आत बसत नाही, चौकटीच्या मागे येऊन तिला टेकते. ती दोन्हीकडे चौकटीपेक्षा थोडी रुंदच असते. अर्धा इंच फुगली तरी मागच्या मोकळ्या जागेत फुगते. अडणार कशात? आपली आजची दारं चौकटीच्या खाचेत नेमकी बसवलेली असतात, म्हणून तीच ओल तिथे भांडण करते. वाड्याच्या दाराचं कोडं लाकडापेक्षा इथे जास्त सुटतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंत जुन्या कोरीव दारांचा मोठा संग्रह आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजाही आहेच. १८२८च्या आगीत आतला लाकडी वाडा जळून गेला, तरी तट आणि दरवाजे आजही उभे आहेत. तिथे नक्षी आणि खिळे बघून झाले की दाराच्या मागे जावं, दांडे आणि खुंट बघावेत.

आजच्या घरात हेच कसं करायचं

आपल्याला बिजागरीचं, एका झडपेचं, वारा आणि डास अडवणारं दार हवं असतं. त्यासाठी चौकट-पॅनेलची रीत आहे. दोन उभ्या पट्ट्या, तीन-चार आडव्या पट्ट्या, आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या चौकोनांत पॅनेलच्या फळ्या.

हिशोब पुन्हा करू. आडवी पट्टी लांबीत फुगत नाही. म्हणजे दाराची रुंदी वाढवतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. प्रत्येकी चार इंच धरल्या तर दोन्ही मिळून २०० मिलिमीटर लाकूड. तेच आठ टक्के, आणि वाढ फक्त तीन मिलिमीटर! १४ चे ३ झाले, तेही तेच लाकूड वापरून. पट्ट्या उभ्या वलयांच्या कड्यांतून घेतल्या तर तेवढीही वाढ होत नाही.

पॅनेलच्या फळ्या मात्र फुगणारच. म्हणून पट्ट्यांच्या आतल्या कडेला खोबणी पाडून त्यांत पॅनेल सैल सोडतात. तिथे सरस किंवा फेव्हिकॉल लावायचा नाही, खिळा मारायचा नाही. अडीचशे मिलिमीटर रुंद पॅनेलला एकूण चार-पाच मिलिमीटर हालचालीची जागा खोबणीत हवी. दार मे महिन्यात करत असाल तर ही सगळी जागा मोकळी ठेवा, लाकूड तेव्हा सर्वांत आकसलेलं असतं. ऐन पावसाळ्यात करत असाल तर पॅनेल जवळजवळ घट्ट बसवलं तरी चालतं, पण खोबणी पुरेशी खोल हवी, नाहीतर उन्हाळ्यात पॅनेलची कड खोबणीबाहेर येऊन उजेड दिसेल. ‘पॅनेल हलतंय’ म्हणून सुताराकडून ते चिकटवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. असं पॅनेल नंतर मधोमध फाटतं.

सांधे खाच आणि कुसूचे हवेत. आडव्या पट्टीच्या टोकाला काढलेला कुसू उभ्या पट्टीच्या खाचेत आरपार जातो आणि बाहेरून पाचर मारून घट्ट होतो. त्यातून आडवी लाकडी खुंटी घालतात. खुंटीचं भोक कुसूत किंचित आतल्या बाजूला पाडलं तर खुंटी ठोकताना सांधा स्वतःहून ओढला जातो. सरस तीस-चाळीस वर्षांनी निकामी झाला तरी असा सांधा सुटत नाही. आणि सांधा महत्त्वाचा, कारण दार जड असतं. सव्वादोन चौरस मीटर क्षेत्राच्या, चार सेंटिमीटर जाडीच्या सागाच्या दाराचं वजन साठ किलोच्या आसपास जाऊ शकतं. त्याला तीन मजबूत बिजागऱ्या हव्यात, दोन नाहीत.

प्रत्येक दार असंच करावं असं मी म्हणणार नाही. न्हाणीघराच्या सतत भिजणाऱ्या दाराला वेगळं साहित्य बरं. आतल्या खोल्यांना फ्लश दारही चालतं. त्यातले आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात म्हणून ते फारसं फुगत नाही. पण घराच्या मुख्य दाराला जुन्या लाकडाइतकं काही शोभत नाही आणि टिकतही नाही.

दाराची खालची कड

रंग, तेल, पॉलिश यांनी ओल थांबत नाही, तिचा वेग कमी होतो. दोन दिवसांचा पाऊस लाकडाला जाणवत नाही, दोन महिन्यांचा जाणवतो. म्हणून तेल किंवा रंग दोन्ही बाजूंना सारखाच लावायचा. बाहेरून तीन हात आणि आतून एक हात दिला तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगानं ओल घेतात आणि दार पिळतं. सर्वांत जास्त दुर्लक्ष वरच्या आणि खालच्या कडेकडे होतं. उभ्या पट्ट्यांची उघडी टोकं तिथे असतात, फरशी पुसल्याचं पाणी तिथेच लागतं, आणि दार एकदा बसवलं की ब्रश तिथे पोहोचत नाही. दार बिजागऱ्यांवर चढवण्याआधी त्या कडा तेल पिणं थांबवेपर्यंत भिजवाव्यात.

जवसाचं तेल चांगलं मुरतं आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा लावता येतं. एक काळजी घ्यावी: जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. कोकणात काजूच्या टरफलाचं तेलही लाकडाला लावतात. ते किड्यांना दूर ठेवतं, पण लाकूड काळं करतं आणि कातडी भाजतं, तेव्हा हातमोजे हवेतच.

तुमच्या गावात घर उतरवायचं ठरलं असेल, किंवा येत्या वादळात परसातलं झाड आडवं झालं, तर जळणवाल्याला भाव विचारण्याआधी एखाद्या जाणत्या सुताराला ते लाकूड दाखवा. साठ किलोच्या दारात पंचवीस किलोहून जास्त कार्बन त्या झाडानं हवेतून घेऊन साठवलेला असतो. लाकूड जळालं तर तो त्याच दिवशी परत हवेत जातो, दार झालं तर तुमच्या नातवंडांपर्यंत घरातच राहतो. सुतार यायला उशीर होणार असेल तर निदान ओंडक्याच्या टोकांना आजच रंग फासून ठेवा.